स्टॉक फोटोंना कीवर्ड कसे द्यावेत: पहिल्यांदाच फोटो विकायला निघालेल्यांसाठी

स्टॉक एजन्सीवर, म्हणजे तयार फोटो वापरायला विकणाऱ्या वेबसाइटवर, फोटो टाकायला लागलेल्या माणसाचं सगळं लक्ष फोटोवर असतं. फोकस नेमका बसलाय ना, नॉइज (दाणेदारपणा) नाही ना, कोपऱ्यात एखादा लोगो तर डोकावत नाही ना. फोटो तपासणीत पास होतो, आनंद होतो, आणि मग तो फोटो महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. बऱ्याचदा दोष फोटोचा नसतो. ज्याला तो हवा होता त्याच्या नजरेलाच तो पडलेला नसतो. खरेदीदार लाखो फोटो चाळत बसत नाही. तो शोधाच्या चौकटीत दोन-तीन शब्द टाकतो, पहिली एक-दोन पानं बघतो, त्यातलाच एखादा उचलतो आणि कामाला लागतो. त्याने टाकलेले शब्द तुमच्या फोटोला कीवर्ड म्हणून जोडलेले नसतील तर विषय तिथेच संपला.

म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच प्रश्नाभोवती फिरते: हा शब्द टाकून शोधणाऱ्यासमोर माझा फोटो आला, तर त्याला "हेच हवं होतं" असं वाटेल का? वाटणार असेल तर शब्द ठेवायचा, नाहीतर काढायचा. बाकी सगळा तपशील आहे, पण तपशिलातच बरेच जण अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक खुलासा आधीच करतो. मोठ्या आंतरराष्ट्रीय एजन्सींवर कीवर्ड इंग्रजीत दिलेले बरे. इतर भाषांतल्या शोधांसाठी त्यांचं भाषांतर एजन्सीची यंत्रणा करते. इथे मी ते शब्द देवनागरीत लिहिले आहेत, अपलोड करताना अर्थातच रोमन लिपीत टाकायचे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- फोटो काढतानाच केलेली नोंद: जागा, तारीख, कोण काय करत होतं, वस्तूचं किंवा झाडा-पक्ष्याचं नाव. मोबाइलच्या नोट्समध्ये दोन ओळी पुरतात. सहा महिन्यांनी हे आठवत नाही.
- ओळखू येणारी माणसं असतील तर त्यांनी सही केलेला मॉडेल रिलीज, म्हणजे फोटो वापरायची लेखी परवानगी. खासगी मालमत्ता किंवा कुणाची कलाकृती असेल तर प्रॉपर्टी रिलीज, म्हणजे मालकाची तशीच परवानगी. फोटो व्यावसायिक वापरासाठी (जाहिरात वगैरे) द्यायचा की फक्त संपादकीय (बातम्या, लेख), हे यावर ठरतं आणि कीवर्डही त्यानुसार बदलतात.
- मेटाडेटा (फोटोच्या फाइलमध्येच साठवलेली माहिती) भरायचं एखादं सॉफ्टवेअर. लाइटरूम क्लासिक किंवा अडोबी ब्रिज चालेल. फुकट हवं असेल तर डिजिकॅम उत्तम आहे. कमांड लाइनची भीती नसेल तर एक्झिफटूल, तेही फुकट.
- एक शब्दकोश आणि एक समानार्थी शब्दांचा कोश. ऑनलाइन असले तरी हरकत नाही.
- ज्या एजन्सीला फोटो द्यायचे तिचं कीवर्डबद्दलचं मदतपान. नियम बदलत असतात, त्यामुळे कुणी सांगितलेलं (माझंही) एकदा पडताळून घ्या.

१. हा फोटो कोण विकत घेईल ते आधी ठरवा

कीवर्डच्या चौकटीत टायपिंग सुरू करण्याआधी दोन मिनिटं थांबा. पूर्ण लेखात आपण एकच उदाहरण घेऊ, म्हणजे गोंधळ होणार नाही. फोटो असा आहे: भिंतीवरचं उघडं वीज-पॅनेल, आत सर्किट ब्रेकरच्या रांगा. समोर एक माणूस, हातात मोजे, डोळ्यांवर सेफ्टी गॉगल, मल्टिमीटरच्या दोन्ही पिना टर्मिनलना लावून तो रीडिंग बघतोय. चेहरा बाजूने दिसतो. फोटोचा उजवा तिसरा हिस्सा म्हणजे नुसती मोकळी भिंत.

नवखा माणूस या फोटोकडे बघून लिहितो: मॅन, वायर, बॉक्स, वॉल, वर्क, ब्लू शर्ट. सगळं खरं आहे आणि जवळजवळ सगळं निरुपयोगी आहे. "ब्लू शर्ट" शोधणाऱ्याला कपड्याची जाहिरात करायची असते, "बॉक्स" शोधणाऱ्याला पुठ्ठ्याचा खोका हवा असतो.

आता खरेदीदारांची यादी करा. घरदुरुस्तीवर लेख देणारी वेबसाइट. वायरमनचं प्रशिक्षण देणारी संस्था. आग आणि शॉर्टसर्किटचं संरक्षण समजावणारी विमा कंपनी. कारखान्यातल्या सुरक्षिततेचं पोस्टर बनवणारा डिझायनर. यातला प्रत्येक जण वेगळे शब्द टाइप करेल: पहिला "सर्किट ब्रेकर रिपेअर", दुसरा "इलेक्ट्रिशियन ट्रेनिंग", तिसरा "होम इन्स्पेक्शन", चौथा "इलेक्ट्रिकल सेफ्टी". हे शब्द कागदावर उतरवले की निम्मं काम झालं. फोटोकडे नुसतं टक लावून बसलं तर यातले दोन तरी सुचले नसते.

खरेदीदारच डोळ्यांसमोर येत नसेल तर? मग कीवर्डचा प्रश्न नाही, फोटोचा आहे. तो बाजूला ठेवा आणि पुढचा घ्या.

२. जे दिसतंय त्याला नेमक्या नावाने हाक मारा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर घालवा. त्या धंद्यातला माणूस त्या वस्तूला काय म्हणतो, हे शोधून काढायचं. हातातलं यंत्र मल्टिमीटर आहे की क्लॅम्प मीटर? क्लॅम्प मीटरला वायरभोवती बसणारा चिमटा असतो. आपल्या फोटोतल्या यंत्राला तो नाही, नुसत्या पिना आहेत, म्हणजे मल्टिमीटर. ज्याला शैक्षणिक पुस्तकासाठी फोटो हवा आहे त्याला हा फरक कळतो आणि चुकीचं नाव बघून तो पुढे जातो.

एकाच वस्तूची वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी नावं असतात, आणि इथे समानार्थी शब्दांचा खरा उपयोग होतो. अमेरिकेत ज्याला इलेक्ट्रिकल पॅनेल किंवा ब्रेकर बॉक्स म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये कन्झ्युमर युनिट म्हणतात, बोलताना दोन्हीकडे फ्यूज बॉक्सही चालतं, आणि तांत्रिक लिखाणात डिस्ट्रिब्युशन बोर्ड येतं. हे सगळे टाका. खरेदीदार कुठल्या देशात बसलाय हे आपल्याला माहीत नसतं. फॉल आणि ऑटम, फ्लॅशलाइट आणि टॉर्च, अपार्टमेंट आणि फ्लॅट या जोड्याही तशाच.

निसर्गाचे फोटो असतील तर नेमकेपणा आणखी महत्त्वाचा. नुसतं "बर्ड" लिहून खंड्याचा फोटो विकला जाईल ही आशा सोडा. "किंगफिशर" लिहिलं तरी अर्धवटच, कारण खंड्याच्या अनेक जाती आहेत. तुमच्या फोटोतला पक्षी कॉमन किंगफिशर असेल तर "अल्सेडो ॲथिस" हे शास्त्रीय नावही द्या. छातीवर पांढरा डाग असलेला व्हाइट-थ्रोटेड किंगफिशर असेल तर "हॅल्सियन स्मिर्नेन्सिस". पाठ्यपुस्तकं, संग्रहालयं, पक्ष्यांची मार्गदर्शक पुस्तकं करणारे लोक शास्त्रीय नावानेच शोधतात, कारण सामान्य नावांवर त्यांचा भरवसा नसतो. ओळख पक्की नसेल तर अंदाजाने जातीचं नाव ठोकून देऊ नका, कुळापाशी थांबा.

नेमकं नाव दिल्यावर त्याच्या वरच्या वर्गाचाही एखादा शब्द हवा. मल्टिमीटरच्या वर "टूल", किंगफिशरच्या वर "बर्ड" आणि "वाइल्डलाइफ". एक-दोन पायऱ्या वर जा, त्याहून वर नको. "थिंग", "ऑब्जेक्ट", "नेचर" अशा शब्दांच्या निकालांत इतके फोटो असतात की आपला वर येणं जवळपास अशक्य.

३. क्रिया, जागा आणि माणसं

फोटोत काय चाललंय? टेस्टिंग, मेजरिंग, रिपेअरिंग, चेकिंग. क्रियापदांकडे नवख्यांचं हमखास दुर्लक्ष होतं, आणि खरेदीदार मात्र क्रियेनेच शोधतो, कारण त्याला नुसता इलेक्ट्रिशियन नको असतो, काहीतरी करणारा इलेक्ट्रिशियन हवा असतो.

जागेबद्दल इनडोअर्स किंवा आउटडोअर्स हे मूलभूत. त्यापुढे वर्कशॉप, बेसमेंट, फॅक्टरी वगैरे खरोखर ओळखू येत असेल तर. शहराचं आणि देशाचं नाव तेव्हाच द्या जेव्हा फोटो त्या ठिकाणचा म्हणून विकला जाईल. एखाद्या भिंतीपुढच्या वीज-पॅनेलला गावाचं नाव लावून उपयोग शून्य.

माणसं असतील तर संख्या (वन पर्सन, टू पीपल, ग्रुप), साधारण वयोगट, व्यवसाय, पेहराव, भाव. अजिबात माणसं नसतील तर "नो पीपल" किंवा "नोबडी" हासुद्धा खरा, वापरात असलेला कीवर्ड आहे. रिकामं ऑफिस, रिकामा जिना शोधणारे तो मुद्दाम टाकतात.

इथे दोन ठिकाणी जपून. वंश किंवा वांशिक ओळख अंदाजाने लिहू नका. अनेक एजन्सींच्या मॉडेल रिलीजमध्ये त्यासाठी ऐच्छिक रकाना असतो, मॉडेलने स्वतः भरलेलं असेल तेच वापरा. दुसरं, आजार, व्यसन, गुन्हा, मानसिक त्रास अशा गोष्टींचे शब्द. डोकं धरून बसलेल्या मित्राच्या फोटोला "डिप्रेशन" किंवा "ॲडिक्शन" लावणं म्हणजे त्याचा चेहरा उद्या कुठल्यातरी उपचार केंद्राच्या जाहिरातीवर दिसू शकतो. मॉडेलला आधी स्पष्ट सांगितलं असेल आणि त्याची हरकत नसेल तरच हे शब्द वापरा. हा नुसता नियमांचा प्रश्न नाही.

४. कल्पनांचे शब्द: चार-पाच, त्याहून जास्त नाही

सुरक्षितता, कौशल्य, एकटेपणा, यश, स्वातंत्र्य. यांना कन्सेप्ट कीवर्ड म्हणतात आणि जाहिरातवाल्यांना ते हवे असतात, कारण त्यांना वस्तू विकायची नसते, भावना विकायची असते. पण बहुतेक याद्या इथेच बिघडतात. सूर्यास्ताच्या प्रत्येक फोटोला होप, ड्रीम, फ्रीडम, पीस, लव्ह, स्पिरिच्युॲलिटी चिकटवलेलं दिसतं. तुम्हीच "होप" शोधून बघा आणि तुमचा सूर्यास्त त्या गर्दीत कितव्या पानावर असेल याचा विचार करा.

कसोटी सोपी आहे. फोटो न दाखवता फक्त तो शब्द एखाद्याला सांगा आणि विचारा, डोळ्यांसमोर काय येतं? आपल्या फोटोसारखं काही येण्याची शक्यता असेल तर शब्द ठेवा. वीज-पॅनेलच्या फोटोला "सेफ्टी" चालेल, गॉगल आणि मोजे ते दाखवतात. "एक्सपर्टीज" चालेल. "डेंजर" नाही चालणार, फोटोत धोका कुठे आहे? उलट माणूस सगळी काळजी घेऊन काम करतोय. "ग्रीन एनर्जी" तर नाहीच. वीज आहे म्हणून सौरऊर्जेचे शब्द ओढून आणायचे नसतात.

५. डिझायनरला लागणारे शब्द

फोटोच्या विषयाशी संबंध नाही, पण मांडणीशी आहे असे काही शब्द खरेदीदार सर्रास जोडतो. उजवीकडची मोकळी भिंत म्हणजे "कॉपी स्पेस": तिथे मजकूर बसवता येतो, आणि पोस्टर किंवा वेबसाइटचा बॅनर करणारा तेच शोधत असतो. क्लोज अप, साइड व्ह्यू, टॉप व्ह्यू, फ्लॅट ले (वस्तू सपाट मांडून वरून काढलेला फोटो), फुल लेंग्थ, आयसोलेटेड, व्हाइट बॅकग्राउंड, सिल्हूट, बॅकलिट असे शब्द खरे असतील तर टाका. उभा-आडवा फोटो निवडायला बऱ्याच साइटवर वेगळे फिल्टर असतात, त्यामुळे "हॉरिझॉन्टल" वगैरेंवर जागा घालवायची गरज नाही. "आयसोलेटेड" मात्र फक्त तेव्हाच लिहा जेव्हा वस्तू खरोखर एकरंगी पार्श्वभूमीवर सुटी आहे. पार्श्वभूमी नुसती धूसर असली तरी हा शब्द लावणारे बरेच असतात, आणि डिझायनर चिडतो.

६. आता यादी छाटा

या टप्प्यावर तुमच्याकडे साठेक शब्द असतील. एकेकाला अगदी सुरुवातीचा प्रश्न ("हेच हवं होतं" असं वाटेल का?) विचारा आणि निर्दयपणे काटा. शंका असेल तिथे एजन्सीच्याच साइटवर तो शब्द टाकून शोधा आणि आलेल्या फोटोंमध्ये आपला फोटो कल्पनेने ठेवून बघा. शोभतोय का? समजा "व्होल्टेज" टाकल्यावर समोर उच्च दाबाच्या तारांचे मनोरे आणि धोक्याच्या पाट्याच आल्या, तर शब्द चुकीचा नाही, पण तो यादीत खाली जायला हवा.

किती ठेवायचे? एजन्सी साधारण पन्नासपर्यंत देऊ देतात, म्हणून पन्नास भरायलाच हवेत असं नाही. साध्या विषयाला पंधरा-वीस पुरतात, माणसं आणि क्रिया असलेल्या फोटोला पंचवीस-तीस लागतात. तिसाच्या पुढे मी क्वचितच जातो. चाळिसाव्या शब्दापर्यंत पोचताना आपण फोटो सोडून शब्दकोशातून लिहायला लागलेलो असतो.

आपल्या उदाहरणाची छाटलेली यादी अशी होईल:

इलेक्ट्रिशियन, सर्किट ब्रेकर, इलेक्ट्रिकल पॅनेल, मल्टिमीटर, टेस्टिंग, मेंटेनन्स, इन्स्पेक्शन, इलेक्ट्रिकल सेफ्टी, टेक्निशियन, रिपेअर, फ्यूज बॉक्स, डिस्ट्रिब्युशन बोर्ड, कन्झ्युमर युनिट, वायरिंग, व्होल्टेज, इलेक्ट्रिसिटी, सेफ्टी गॉगल्स, प्रोटेक्टिव्ह ग्लव्ह्ज, टूल, मॅन, वन पर्सन, वर्कर, स्किल्ड ट्रेड, ऑक्युपेशन, प्रोफेशनल, एक्सपर्टीज, कॉन्सन्ट्रेशन, इनडोअर्स, साइड व्ह्यू, कॉपी स्पेस.

तीस शब्द. "इंजिनिअर" मुद्दाम गाळला: कुणीतरी इंजिनिअर शोधताना हा फोटो बघून कदाचित क्लिक करेलही, पण त्याला बहुधा हेल्मेट घालून नकाशा बघणारा माणूस हवा असेल. "ब्युटिफुल", "नाइस", "अमेझिंग" असली विशेषणं कुठल्याच यादीत ठेवू नका. कुरूप फोटो कुणी शोधत नाही.

७. क्रम लावा

वरची यादी वर्णानुक्रमे नाही हे लक्षात आलं असेल. अडोबी स्टॉकवर जास्तीत जास्त ४९ कीवर्ड देता येतात, त्यांच्या क्रमाला महत्त्व असतं आणि पहिल्या दहांना सगळ्यात जास्त. म्हणून पहिले दहा शब्द असे निवडा की फोटो न बघता नुसते तेवढेच वाचले तरी फोटो डोळ्यांसमोर यावा. विषय, मुख्य वस्तू, क्रिया, मग मुख्य उपयोग. "मॅन" आणि "कॉपी स्पेस" खरे असले तरी पहिल्या दहांत त्यांचं काम नाही.

आणि इथे एक सापळा आहे. लाइटरूम क्लासिक कीवर्ड आपोआप वर्णानुक्रमे लावतं. तुम्ही कितीही विचार करून क्रम ठरवा, फाइल बाहेर पडते तेव्हा "कन्सन्ट्रेशन" आणि "कॉपी स्पेस" तुमच्या "इलेक्ट्रिशियन"च्या पुढे जाऊन बसलेले असतात. त्यामुळे अपलोड झाल्यावर एजन्सीच्या पानावर जाऊन पहिले दहा शब्द पुन्हा वर ओढावे लागतात, किंवा क्रम जपणाऱ्या दुसऱ्या साधनाने कीवर्ड भरावे लागतात. बरेच फोटो एकदम द्यायचे असतील तर सीएसव्ही फाइल (स्प्रेडशीटमधून साठवलेला साधा तक्ता) सोयीची: अडोबी स्टॉक आणि शटरस्टॉक दोन्हीकडे ती चालते. फाइलचं नाव, टायटल, कीवर्ड असे रकाने स्प्रेडशीटमध्ये भरायचे आणि ती फाइल चढवायची. रकान्यांची नावं एजन्सीने दिलेल्या नमुन्यातूनच उचला, एका अक्षराचाही फरक नको.

८. टायटल किंवा वर्णन

टायटल एक साधं, वाचता येणारं वाक्य असावं: "इलेक्ट्रिशियन टेस्टिंग सर्किट ब्रेकर पॅनेल विथ मल्टिमीटर". कोण, काय करतोय, कशाने. एवढंच. अडोबीचा सल्ला सत्तरेक अक्षरांच्या आत राहण्याचा आहे. शटरस्टॉकचं वर्णन २०० अक्षरांपर्यंत जाऊ शकतं, तिथे जागेचा किंवा प्रसंगाचा एखादा तपशील वाढवता येतो. कीवर्डच एकामागोमाग जोडून टायटल बनवू नका. आणि "माय फेव्हरिट शॉट" किंवा "सायलेंट करंट" अशी काव्यात्म नावं प्रदर्शनासाठी राखून ठेवा.

संपादकीय फोटोचं वर्णन मात्र वेगळं. तिथे बातमीच्या कॅप्शनसारखी शिस्त लागते: शटरस्टॉकवर आधी शहर आणि देश, मग तारीख, मग अपूर्णविराम (:) आणि घटनेचं कोरडं, वस्तुनिष्ठ वर्णन. तारीख चुकली किंवा ठरलेली मांडणी मोडली तर फोटो चांगला असूनही परत येतो.

९. एजन्सी बदलली की काय बदलतं

शटरस्टॉकला किमान ७ आणि कमाल ५० कीवर्ड लागतात. कीवर्ड सुचवणारं साधन तिथेच मिळतं: आपल्यासारखे दिसणारे काही फोटो निवडले की त्यांचे शब्द समोर येतात. सुरुवातीला डोक्यात काहीच येत नसेल तेव्हा बरं पडतं, पण त्या शब्दांत दुसऱ्यांच्या चुकाही येतात, हे विसरू नका.

अलामीवर ५० टॅगपर्यंत जाता येतं आणि त्यांतले १० "सुपरटॅग" म्हणून निवडता येतात, म्हणजे तुम्ही स्वतः सांगता की हे दहा सगळ्यात महत्त्वाचे. तिथे दोन-तीन शब्दांचे वाक्यांशही टॅग म्हणून चालतात. टॅग जास्त भरले की तिथली डिस्कव्हरेबिलिटीची (फोटो शोधात सापडण्याच्या शक्यतेची) पट्टी हिरवी होते. ती हिरवी करण्याच्या मोहात पडू नका.

आयस्टॉक आणि गेटी इमेजेस यांची पद्धत सगळ्यांहून निराळी. त्यांच्याकडे ठरावीक शब्दसंग्रह आहे. तुम्ही "क्रेन" लिहिलंत की यंत्रणा विचारते: पक्षी की यारी? योग्य अर्थ निवडावा लागतो, नाहीतर बांधकामाच्या फोटोंत करकोचा उभा राहतो. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरवून दिल्यामुळे खरेदीदाराला निकाल स्वच्छ मिळतात. एकाच फोटोची यादी सगळीकडे जशीच्या तशी चालेल असं समजू नका. मूळ यादी एक, पण प्रत्येक ठिकाणी थोडी डागडुजी.

१०. फाइलमध्ये भरताना

कीवर्ड एजन्सीच्या पानावर टाइप करण्यापेक्षा फोटोच्या फाइलमध्येच भरलेले बरे. एकदा भरले की फाइल कुठेही अपलोड केली तरी ते सोबत जातात. यासाठीचे रकाने आयपीटीसी नावाने ओळखले जातात, वृत्तसंस्थांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या परिषदेच्या नावावरून. टायटल, डिस्क्रिप्शन आणि कीवर्ड्स हे तीन रकाने आपल्या कामाचे.

लाइटरूममधून एक्सपोर्ट करताना मेटाडेटाच्या भागात "कॉपीराइट ओन्ली" निवडलेलं असेल तर सगळे कीवर्ड गळून पडतात आणि एजन्सीकडे कोरी फाइल जाते. "ऑल मेटाडेटा" निवडा. तुमच्या घराचा जीपीएस पत्ता जायला नको असेल तर त्याच ठिकाणी जागेची माहिती काढण्याचा वेगळा पर्याय आहे. पहिल्या खेपेला एक फाइल एक्सपोर्ट करून दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा, शब्द आहेत ना.

एकाच शूटचे चाळीस फोटो असतील तर सामाईक शब्द सगळ्यांना एकदम लावायचे आणि मग प्रत्येक फोटोकडे स्वतंत्रपणे बघायचं. ही दुसरी पायरी आळसाने गाळली जाते. मग हातमोज्यांच्या क्लोज अपला "मॅन", "साइड व्ह्यू" आणि "सेफ्टी गॉगल्स" चिकटून राहतात, आणि गॉगल शोधणाऱ्याला नुसता पंजा दिसतो.

११. फोटो किंवा खातं अडचणीत आणणारे शब्द

- व्यावसायिक फोटोत ब्रँडची आणि कंपन्यांची नावं. मल्टिमीटरवरचा लोगो पुसायचाच, आणि कंपनीचं नाव कीवर्डमध्येही नको.
- फोटोत नसलेल्या गोष्टी. सण-उत्सव जवळ आले म्हणून असंबद्ध फोटोंना त्यांची नावं लावणं हा उघड स्पॅम आहे. तक्रार झाली तर खात्यावर कारवाई होते.
- तुमचं नाव, कॅमेऱ्याचं मॉडेल, लेन्स, "स्टॉक फोटो", "इमेज".
- दुसऱ्याच्या खपणाऱ्या फोटोवरून जशीच्या तशी उचललेली यादी. त्याच्या फोटोत जे आहे ते तुमच्यात असेलच असं नाही.
- स्पेलिंगच्या चुका. यादी एकदा स्पेलचेकमधून काढा. चुकलेला शब्द कुणीही शोधत नाही आणि तुम्हालाही तो परत दिसत नाही.

फोटो बघून आपोआप कीवर्ड देणारी एआय साधनं आता जागोजागी आहेत. ती वापरायला माझी हरकत नाही, पण त्यांच्याकडून आलेली यादी कच्चा माल समजा. ती वस्तू बऱ्यापैकी ओळखतात. मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटरमध्ये मात्र गल्लत करू शकतात, गंभीर चेहऱ्याला "हॅपी" म्हणू शकतात, आणि पक्ष्याच्या जातीवर त्यांचा विश्वास ठेवू नका. शिवाय तेच साधन वापरणाऱ्या प्रत्येकाच्या फोटोला साधारण तेच शब्द मिळतात, त्यामुळे वेगळेपणा आणायचा तर तो तुमच्या नोंदींतूनच येणार.

१२. अपलोड झाल्यावर

काही दिवसांनी खरेदीदार बनून शोधा: "इलेक्ट्रिशियन मल्टिमीटर", "सर्किट ब्रेकर टेस्टिंग", "इलेक्ट्रिकल सेफ्टी कॉपी स्पेस". साइटवरून लॉग आउट करून किंवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत शोधा. एका शब्दाच्या शोधात नवा फोटो वर दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. दोन-तीन शब्दांच्या शोधात तरी तो सापडायला हवा. तिथेही नसेल तर क्रम आणि टायटल परत तपासा.

अलामीवर तुमचा फोटो कुठले शब्द टाकल्यावर दिसला आणि कुणी तो मोठा करून पाहिला, याचे आकडे योगदानकर्त्याला बघता येतात. फोटो वारंवार दिसतोय पण कुणी उघडत नाही, याचा अर्थ शब्द चुकीच्या माणसांना बोलावतोय; तो काढून टाका. विक्री झालेल्या फोटोंची यादी वेगळी ठेवा आणि त्यांत कुठले शब्द समान आहेत ते बघा.

बहुतेक एजन्सींवर मंजूर झालेल्या फोटोचे कीवर्डही नंतर बदलता येतात. एकाच बैठकीत सगळा जुना साठा उपसायला जाऊ नका. न विकलेल्यांपैकी जे फोटो तुम्हाला खरोखर चांगले वाटतात असे दहा निवडा, पायरी एकपासून त्यांची यादी नव्याने करा, बाकीचे तसेच राहू द्या, आणि दोन-तीन महिन्यांनी त्या दहांचं काय झालं ते बघून पुढचे घ्या.